हिरव्या चिठ्ठीचा जाच

नाही, मला एक सांगा, दुधाच्या बाटलीला मागची बाजू असते का? गोल बाटली हो! गोल वस्तूला कसलं आलंय पुढं आणि मागं? सत्तावन्न वर्षं दूध पितोय, दुधानं माझ्याबद्दल कधी तक्रार केली नाही, मी दुधाबद्दल केली नाही, आमचं अगदी छान चाललं होतं... आणि त्या दिवशी सुपरमार्केटमध्ये बाटली उचलून ट्रॉलीत ठेवतो न ठेवतो तोच मागून गोड आवाज, "काका, एक मिनिट! बाटलीची मागची बाजू वाचलीत का?"

काका! बघा, माझे केस बघा. आहेत ना जागेवर? बरेचसे? मग मी काका कुठून झालो? पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा, की मी दूध आणायला गेलो होतो हो, फक्त दूध! बायको म्हणाली, "अहो, दूध संपलंय," मी म्हटलं, "आणतो," आणि पायात चपला सरकवून निघालो. इतका साधा माणूस मी. आता ट्रॉलीत दुधाबरोबर क्रीमच्या बिस्किटांचे दोन पुडे, वेफर्सचं पाकीट, कोल्ड्रिंकची मोठी बाटली आणि एक केक होता, ते सोडा. ते वाटेत दिसलं म्हणून घेतलं. माणूस दुकानात गेला की हात काय खिशात घालून फिरतो?

तर ही बाई. तिशीची असेल. पांढरा कोट, कोटावर बिल्ला, बिल्ल्यावर लिहिलंय 'आहारतज्ज्ञ', आणि चेहऱ्यावर असं हसू, की भांडायला तोंडच उघडू नये माणसाचं. आणि हिला ठेवलंय कोणी? दुकानानं! पगार देऊन! म्हणजे बघा, एकीकडे बिस्किटांची भिंत रचायची, तिच्यावर दिवे सोडायचे, 'एकावर एक फुकट'ची पाटी लावायची, आणि त्याच भिंतीसमोर एक बाई उभी करायची, ती घेऊ नका सांगायला. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. उद्या मी माझ्या दारात माणूस बसवला आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागला, "गाडी कशाला शिकता, पायी चाला, गुडघे चांगले राहतात," तर? चालेल माझा धंदा? पण नाही, त्यांचा चालतो. हिच्याभोवती तर ही गर्दी!

तिनं बिस्किटांचा पुडा उचलला. माझ्या ट्रॉलीतला! मला न विचारता! उलटा केला आणि बोट ठेवलं. "काका, इथे घटक लिहिलेले असतात. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. बघा बरं, पहिलं काय आहे?"

मी म्हटलं, "काय आहे?"

"साखर."

"अहो मग बिस्किटात पहिलं काय पालक असणार?"

मागची माणसं हसली. मला वाटलं, जिंकलो. पण ही बाई रागावेल तर शपथ! तीही हसली, आणि मला हाताला धरून... हो हो, हाताला धरून, आपल्या टेबलापाशी घेऊन गेली. टेबलावर काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीशेजारी एकेक बाटली नाहीतर पुडा, आणि बरणीत त्या वस्तूतली साखर. माझ्या कोल्ड्रिंकची बरणी बघितली मी. इथपर्यंत भरलेली. मी म्हटलं, "बरणी लहान आहे." एवढं होईस्तोवर माझ्या मागे उभी असलेली एक बाई आपल्या ट्रॉलीतले वेफर्स हळूच टॉवेलखाली सरकवत होती. बघितलं मी. पकडलं कोणाला? मला!

"काका, सोपं आहे," म्हणाली, "फळ्यांवर मी हिरव्या चिठ्ठ्या लावल्यात. जिथे हिरवी चिठ्ठी, ते डोळे मिटून घ्या." आणि माझं दूध परत ठेवलं आणि दुसरं दिलं. साय काढलेलं. मी घरी येऊन उजेडात धरून बघितलं, तर बाटलीतून पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं.

आता इथे माझी चूक झाली. ही सगळी गंमत मी बायकोला सांगितली. नकला करून सांगितली हो! "काका, एक मिनिट!" असा आवाज काढून! मला वाटलं, हसेल. हसली नाही. कारण त्याच आठवड्यात माझं रक्त तपासलेलं. डॉक्टर म्हणाले होते, साखर काठावर आहे. अहो, काठावर म्हणजे अजून आत पडलो नाही ना? पण आमच्या हिला कोण समजावणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ही त्या टेबलापाशी हजर. तिथे म्हणे आठवड्यातून एकदा 'दुकान-फेरी' असते. आठ-दहा जणांना गोळा करून ती बाई एकेका फळीपुढे उभं करते आणि काय घ्यायचं, कसं वाचायचं, कशाऐवजी काय, सगळं शिकवते. बायको परत आली ती चेहऱ्यावर वेगळंच तेज घेऊन. पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "आजपासून या घरात हिरवी चिठ्ठी नसलेलं काही येणार नाही."

संपलं! त्या दिवसापासून आमच्या घरातली चव गेली. लोणी गेलं. साखरेचा डबा गेला. सुपातलं मीठ गेलं, मग सूप म्हणजे काय राहिलं? गरम पाणी आणि त्यात गाजराची आठवण. पाव असा आला, की चावताना कानात आवाज यायचा. चीज आणलं, त्यातली चरबी काढलेली. मी म्हटलं, "अगं, चीजमधून चरबी काढली तर खाली राहतं काय?" "प्रथिनं," म्हणाली. प्रथिनं! एका फेरीत बाई प्रथिनं शिकून आली!

तुम्हाला सांगतो, माझ्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी दाबतो. इतकी वर्षं लोकांच्या पायांवर माझा पाय. आणि आता घरात मी घास उचलला की कुठूनतरी कचकन ब्रेक लागायचा, "अहो, किती?"

मी काय गप्प बसणार होतो? माझा क्रीमच्या बिस्किटांचा एक पुडा घरात कायम लपवलेला असायचा. अण्णांच्या शिवणाच्या कपाटात, वरच्या फळीवर, अस्तराच्या कापडांमागे. अण्णा म्हणजे माझे वडील. शिंपी. अख्ख्या गल्लीच्या विजारी शिवल्या त्यांनी. आता वय त्र्याऐंशी, दुकान केव्हाच बंद, पण मशीन आणि कपाट त्यांच्या खोलीत आहे आणि त्या कपाटाला दुसरं कोणी हात लावत नाही. म्हणून तर ती जागा निवडलेली. पण हिरवी चिठ्ठी आल्यापासून आमची ही इतकी भडकलेली होती, की कधी कुठे धाड पडेल सांगता येईना. मी पुडा उचलला आणि गाडीत नेला, सीटखाली. मग काय, शिकणाऱ्याला म्हणायचं, "घ्या गाडी बाजूला, आरसे बघायचा सराव करा," आणि तो आरसे बघतोय तोवर मी दोन बिस्किटं. एक मुलगी म्हणाली, "सर, पुन्हा आरसे?" म्हटलं, "आरसे फार महत्त्वाचे असतात!"

आणि अण्णा? अण्णा एका शब्दानं कुरकुरले नाहीत. आई गेल्यापासून ते तसेही मोजकंच बोलतात. ताट पुढ्यात आलं की अर्धं खायचे, उरलेलं सारायचे, म्हणायचे, "पोट भरलं." झालं! बायकोच्या हातात काठीच मिळाली. "बघा, अण्णा बघा! या वयात कसं शहाण्यासारखं खातात! नाहीतर तुम्ही!" मला इतका राग यायचा अण्णांचा, काय सांगू. म्हटलं, अहो, एकदा तरी म्हणा की हे सूप घशाखाली उतरत नाही! दोघं मिळून बंड करू! पण नाही. अण्णा आपले शांत. उठायचे, भिंतीला हात लावत खोलीत जायचे.

मग एका दुपारी मी घरी होतो. शिकणारा आला नव्हता. सोफ्यावर पडलोय, आणि आतून मशीनचा आवाज. कडकडकड... कडकडकड... मी उठून बसलो. अण्णांनी मशीन चालवून वर्षं झाली. मला बरं वाटलं हो! म्हटलं, वा, बघा, हिरव्या चिठ्ठीचा गुण! हात चालायला लागले! आत गेलो. अण्णा वाकून विजार शिवतायत.

"कोणाची, अण्णा?"

"माझीच. कमरेत आत घेतोय. सैल झाली जरा."

"बरं."

मी वळलो. आणि मग माझं लक्ष गेलं. विजारीवर आधीची एक शिवण होती. आत घेतलेली. तिच्या आत अजून एक. ही तिसरी. माणूस महिन्याभरात आपली विजार तीनदा आत घेतो आणि त्याच घरात राहणाऱ्या मुलाला पत्ता नाही! मी म्हटलं, "अण्णा, उभे राहा बघू." उभे राहिले. सदरा असा लोंबत होता, की आत कोणी आहे की नाही कळेना. मी त्यांना काखेत धरून जरा उचललं, सहज उचलले गेले हो... तसाच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी वजन केलं. काट्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. अण्णांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "या वयात इतकं वजन उतरलेलं चालत नाही. आजार काही दिसत नाही, अन्नच पोटात जात नाहीये. पंधरा दिवस देतो. वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. आणि खरं सांगू, नळी घातलेले या वयाचे सगळे घरी जातातच असं नाही."

तुम्हाला सांगतो, मला बाकी काही ऐकूच आलं नाही. अण्णांना घरी आणलं, पांघरूण घातलं, स्वयंपाकघरात गेलो आणि कपाट उघडलं. फळीभर हिरव्या चिठ्ठीचं सामान. साय काढलेलं, साखर काढलेलं, मीठ काढलेलं, लोणी काढलेलं... आणि त्या कपाटानं माझ्या बापाचं वजनही काढलं! तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं पिशवीत भरलं. बायको विचारते, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "दूध आणायला!"

हो, दूध आणायलाच गेलो होतो मी! पण आधी त्या टेबलापाशी गेलो आणि पिशवी ओतली. सगळी. तिच्या बरण्यांवर. एक डबा गडगडत पार भाज्यांपर्यंत गेला. आणि मी ओरडलो. माझा आवाज माहीत आहे ना तुम्हाला? बंद गाडीत 'ब्रेक! ब्रेक!' ओरडून ओरडून तयार झालेला आवाज आहे तो. "घ्या! घ्या तुमच्या हिरव्या चिठ्ठ्या! डोळे मिटून घ्या म्हणालात ना? घेतलं डोळे मिटून! माझे वडील उपाशी मरायला लागलेत तुमच्या चिठ्ठीपायी!" वर गाणं चालू होतं, ते कोणीतरी बंद केलं. सिक्युरिटीवाला आला, मी त्याच्यावरही ओरडलो, तो मागे सरला.

आता मला सांगा, अशा वेळी समोरच्या माणसानं काय करावं? भांडावं की नाही? म्हणावं, "आवाज खाली करा," म्हणावं, "आम्ही काय जबरदस्ती केली का?" मग मी बोललो असतो! माझ्याकडे उत्तरं तयार होती! वाटभर तयार केली होती! पण ती बाई उठली, तिचा चेहरा एकदम उतरला आणि म्हणाली, "घरात तुमचे वडील आहेत? वय काय त्यांचं?"

"त्र्याऐंशी!"

"मी काकूंना विचारलंच नाही," म्हणाली. "त्या तुमच्या रक्ताच्या तपासणीबद्दल बोलल्या, मी तुमच्यासाठी सांगत गेले. घरात आणखी कोण जेवतं, हे मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं, काका."

झालं! चुकलं म्हणे! अहो, असं मध्येच चुकलं म्हणून टाकतात का? मी एवढा पेटून आलेला, आता तो राग मी कुठे ठेवू? मला अजूनच राग आला! म्हटलं, "चुकलं काय चुकलं? आता सांगा काय करू!" आणि तिनं कोट सारखा केला, एक रिकामी ट्रॉली ओढली आणि म्हणाली, "चला."

आणि मग, काय सांगू तुम्हाला, त्या बाईनं मला त्याच दुकानात उलटी फेरी मारायला लावली. जिथे जिथे हिरवी चिठ्ठी, तिथून तोंड फिरवायचं. सायीसकट दूध. लोणी. क्रीम. अंडी. खरं चीज, चरबीसकट! शेंगदाण्याचं लोणी! मी मागे मागे ट्रॉली ढकलतोय आणि ती मोजून सांगतेय, "आजोबांना एकदम ताट नका वाढू. ताट बघूनच पोट भरतं या वयात. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्या. सुपात चमचाभर लोणी आणि क्रीम. दुधात दुधाची पावडर मिसळा, म्हणजे तेवढ्याच कपात जास्त जाईल. आणि त्यांच्या सुपात मीठ घाला, चव नसेल तर खाणार कशाला?" मी म्हटलं, "हे सगळं मला चालेल का?" ती म्हणाली, "तुम्हाला नाही." वळूनसुद्धा बघितलं नाही हो!

मग थांबली. "काका, त्यांना आवडतं काय?"

"कोणाला?"

"आजोबांना. खायला काय आवडतं?"

आणि मी उभा. ट्रॉलीच्या दांड्याला धरून. अहो, बाप आहे तो माझा! सत्तावन्न वर्षं एका घरात! माझ्या कुठल्या शिकणाऱ्याचा पाय क्लचवर थरथरतो, कोण वळताना इंडिकेटर विसरतो, सगळं पाठ आहे मला... आणि माझ्या बापाला काय आवडतं, ते आठवेना. आई असती तर तिनं सांगितलं असतं. मी म्हटलं, "ते... सगळंच खातात." ती काही बोलली नाही. तेच तर मला लागलं. बोलली असती तर भांडलो तरी असतो!

"फोन लावा घरी," म्हणाली. लावला. बायकोनं अण्णांच्या कानाला धरला. मी विचारलं, "अण्णा, काय खावंसं वाटतं?" "काही नको." बघा! मी तिच्याकडे बघितलं, म्हटलं, हे असं आहे. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "आजोबा, मी दुकानातून बोलतेय. मला एवढंच सांगा, शेवटचं चवीनं काय खाल्लंत?"

आणि मग अण्णांचा आवाज, इतका बारीक, की तिनं स्पीकर लावला तरी मला वाकावं लागलं. "माझा मुलगा क्रीमची बिस्किटं आणतो ना... माझ्या कपाटात लपवतो. त्याला वाटतं कोणाला ठाऊक नाही. तो कामावर गेला की मी त्यातली दोन घ्यायचो, चहात बुडवून. तेवढंच बरं लागायचं. पण हल्ली ठेवत नाही तो. त्यालाही वर्ज्य असतील, म्हणून मी काही बोललो नाही."

आता तुम्ही गप्प का बसलात? मघापासून हसत होतात ना? हसा की! मी इकडे गाडी बाजूला घेऊन आरसे दाखवत पुडेच्या पुडे संपवत होतो, आणि तिकडे माझा बाप रोज कपाट उघडून अस्तराच्या कापडांमागे हात घालून बघत होता! मला त्या बाईचा राग आला, बायकोचा आला, डॉक्टरांचा आला, बिस्किटवाल्या कंपनीचा आला, आणि अण्णांचा तर सगळ्यात जास्त. अहो, मागता येत नाही? तोंड दिलंय ना देवानं? म्हणा ना, अरे, माझं बिस्किट कुठाय! त्या बाईनं फोन दिला आणि तिनं स्वतःच्या हातानं... लक्षात ठेवा, तिनं, त्या पांढऱ्या कोटवालीनं... त्या भिंतीतून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा काढून माझ्या ट्रॉलीत ठेवला. पहिला घटक साखर! मी म्हटलं, "याला हिरवी चिठ्ठी नाही." ती म्हणाली, "हे त्यांचं औषध आहे, आणि काका, तुम्ही याला हात लावायचा नाही."

म्हणजे बघा! दूध आणायला गेलेला माणूस परत येताना बिस्किटं, लोणी, क्रीम, चीज घेऊन येतो, आणि त्यातलं एक कणभर त्याचं नाही!

आमच्या फ्रिजला आता दोन कप्पे. वरचा अण्णांचा, खालचा माझा. वरचा उघडला की लोण्याचा वास येतो. खालचा उघडला की काही येत नाही, थंडी येते फक्त. जेवायला समोरासमोर बसायचं. अण्णांच्या सुपावर लोणी असं तरंगतंय, टोस्टच्या कडेनं चीज ओघळतंय... आणि माझ्या पुढ्यात वाफवलेला कोबी. कोबी! आणि बायको मध्ये बसलेली, पंच म्हणून. मला अण्णांना भरवायला लागायचं सुरुवातीला, कारण त्यांच्या हातात दिला की ते चमचा खाली ठेवायचे. चमचा माझ्या हातात, लोण्याचा वास माझ्या नाकात आणि घास त्यांच्या तोंडात! असा छळ कोणाच्या वाट्याला येऊ नये. पहिल्या दिवशी दोन चमचे. तेवढ्यावर मान फिरवली. दुसऱ्या दिवशी तीन. बिस्किट मात्र चहात बुडवून अख्खं खाल्लं, आणि मी तिथे बसून बघत होतो. कंटाळा आला तरी उठलो नाही. उठलो तर ते ठेवून देतील अशी भीती.

आठ दिवसांनी वजन केलं. उतरलं नव्हतं. वाढलंही नव्हतं. मी डॉक्टरांशी भांडलो, म्हटलं, काटा बिघडलाय. पंधरा दिवसांनी काटा हलला. थोडासाच हलला हो, पण हलला! डॉक्टर म्हणाले, "नळी नको. हेच चालू ठेवा." दाराबाहेर आलो, अण्णांच्या चपला पुढ्यात ठेवल्या, आणि वाकलो तो जरा वेळ तसाच राहिलो. अण्णा म्हणाले, "अरे, मिळत नाहीये का चप्पल?" मी म्हटलं, "मिळतेय, थांबा ना जरा!"

बरं, बापाचं वजन वाढलं तर काय होतं? आवाज वाढतो! हे कोणी सांगितलं नव्हतं मला. जो माणूस महिनोन्‌महिने 'पोट भरलं' यापलीकडे बोलत नव्हता, तो आता सकाळी उठल्यापासून सुरू. चहा गार आहे. खिडकी कोणी उघडी ठेवली. अरे, तुझ्या सदऱ्याचं बटण लोंबतंय, लाज नाही वाटत? आणि त्या बाईशी तर अशी गट्टी जमली, की दर चार दिवसांनी फोन. "आजोबा, आज काय खाल्लंत?" "अगं, तू सांगितलेलं सगळं खाल्लं, आणि याला पण नीट खायला लावलं!" याला म्हणजे मला!

काल तर हद्द झाली. म्हणाले, "मी येतो दुकानात." मी म्हटलं, "अण्णा, फक्त दूध आणायचंय." "येतो म्हटलं ना!" आले. एका हातानं ट्रॉलीला धरून, पाऊल पाऊल टाकत, पण आले. ती बाई टेबल सोडून पळत आली, तिनं खुर्ची दिली, गप्पा झाल्या. त्या गप्पा चालू असताना मी, खोटं कशाला बोलू, बिस्किटांच्या भिंतीपाशी गेलो आणि ट्रॉलीतल्या अण्णांच्या पुड्याशेजारी हळूच एक दुसरा पुडा ठेवला. दोन्ही अण्णांचे, असं म्हणायचं. कोण मोजतंय?

रांगेत आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीनं एक पुडा उचलला, दुसरा उचलला, आणि मागून आवाज आला. "थांब!"

अहो, तुम्हाला काय सांगू तो आवाज! त्या दिवशी फोनवर ज्याचा आवाज मला वाकून ऐकायला लागला होता, तो हाच माणूस का? अख्ख्या दुकानात घुमला! भाज्यांकडची माणसं वळून बघायला लागली. "माझा एक आहे! दुसरा कोणाचा? ठेव तो परत! आत्ताच्या आत्ता ठेव! साखर काठावर आहे ना तुझी? मला खांदा द्यायचाय तुला!"

आणि माझे डोळे भरले. तिथेच, रांगेत. सगळ्यांसमोर. नाक वाहायला लागलं हो! सत्तावन्न वर्षांचा माणूस, हातात बिस्किटांचा पुडा आणि रडतोय घळाघळा. काउंटरवरच्या मुलीला माझी इतकी दया आली. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "जाऊ द्या ना काका, रडू नका, लपवून घेऊन जा एक पुडा. मी नाही सांगत आजोबांना."

आता त्या पोरीला काय सांगणार? मी नाक पुसलं, म्हटलं, "हो गं, फार आवडतं मला ते बिस्किट," आणि कोबी पुढे केला.